सुळक्याजवळची काळी पाठ

बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा समुद्र शांत दिसत होता, पण कॅप्टनला तो आवडला नाही. वारा पडलेला, ऊन लख्ख, तरी मधूनच एखादी लांबलचक लाट पाण्याच्या पोटातून यायची, बोट सावकाश उचलायची आणि परत खाली ठेवून निघून जायची. दूर कुठेतरी वादळ होऊन गेलं होतं, त्याचं हे शेपूट.

कॅप्टन हे तिला धक्क्यावर पडलेलं नाव. घरात ती सून होती. बोट सासऱ्यांची. ते गेले, नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला, म्हणून सुकाणू हिच्या हातात आलं आणि मग हातातच राहिलं. दोरखंड सांभाळायला आणि प्रवाशांना हसवत ठेवायला धाकटी नणंद होती. तिला सगळे छोटी म्हणत. आणि वर कड्यावर, तीन बाजूंनी काचा असलेल्या लाकडी खोलीत, तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीमागे वायरलेस घेऊन सासू बसायची. लोक तिला दुर्बीणबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडायचं. डॉल्फिन कुठे फिरतायत, सील कुठल्या खडकावर लोळतायत, पक्ष्यांचे थवे कुठे पाण्यात सूर मारतायत, हे ती वरून सांगायची. इतर बोटी समुद्रभर भटकायच्या, यांची बोट सरळ जाऊन उभी राहायची. गिऱ्हाईक टिकून होतं ते त्याच्यावर.

या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं होतं. मागच्याच आठवड्यात सासूने खडकावर सील आहेत म्हणून पाठवलं, तर भरतीने आणून टाकलेले ओंडके निघाले. छोटीने प्रवाशांना सांगितलं, "मंडळी, आज आमच्या आईने तुम्हाला उत्तम प्रतीचं लाकूड दाखवलंय!" सगळे हसले. कॅप्टन हसली नाही. तिने सासूला कपाबाहेर चहा ओतताना पाहिलं होतं. सुईत दोरा ओवून घ्यायला शेजारणीकडे जाताना पाहिलं होतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मी आलो की बोलतो." तो येणार होता हंगाम संपल्यावर. आणि सुनेने सासूला तोंड वर करून 'तुम्हाला दिसत नाही' असं म्हणायचं तरी कसं? रोज सकाळी शब्द ओठांवर यायचे आणि रोज ती ते गिळून टाकायची.

त्या दिवशी सुरुवात छान झाली. सपाट खडकांवर सील पसरले होते, ओल्या गाद्या वाळत टाकाव्यात तसे. एक पिल्लू मान उचलून बोटीकडे टकामका बघत राहिलं आणि त्याला बघून बोटीतलं एक लहान मूलही तसंच बघत राहिलं. पुढे कड्याच्या टोकापासून सुटून उभा असलेला सुळका आला. पक्ष्यांच्या विष्ठेने तो पांढरा झाला होता. प्रत्येक कपारीत घरटं, प्रत्येक घरट्यावरून भांडण. वास असा की दाताच्या एका जाड्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. "माझ्या दवाखान्यात याहून बरा वास असतो," असं ते म्हणाले.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"ऐक गं, ऐकतेयस ना?" सासूचा आवाज उतावीळ झाला होता.

"बोला आई."

"सुळक्याच्या पलीकडच्या अंगाला बघ, उन्हाच्या पट्ट्यात. काळी पाठ आहे. चांगली मोठी. देवमासा आहे गं, देवमासा!"

वर्षभरात देवमासा दिसला नव्हता. कॅप्टनने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पाण्यावर ऊन इतकं चमकत होतं की त्यात एक काळा ठिपका वरखाली होतोय एवढंच कळत होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "नक्की ना, आई?"

वायरलेस पुन्हा खरखरला.

"म्हणजे? आता तू मला विचारणार?"

"तसं नाही हो."

"मग जा की."

ती गेली. सुळक्याला वळसा घालून, चांगलं अंतर ठेवून तिने इंजिन बंद केलं. देवमाशाच्या अंगावर बोट घालायची नाही, हा तिचा कडक नियम. खाली पिल्लू असू शकतं. मादी बिथरली तर बोटीचं काही खरं नाही. छोटीने प्रवाशांना सांगितलं आणि सगळे एका बाजूला गर्दी करून उभे राहिले. लाट आली की काळी पाठ वर यायची, गुळगुळीत, पाण्याने चकाकणारी, आणि परत खाली जायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी शीळ घातली.

"श्वास सोडल्याचा फवारा नाही उडत," कॅप्टन हळूच छोटीला म्हणाली.

दाताच्या डॉक्टरांनी ऐकलं. "झोपलाय तो. असे निवांत पडून राहतात पाण्यावर. मी वाचलंय."

ते खरंही होतं. कॅप्टनने स्वतः एकदा असा झोपलेला पाहिला होता. पण तिची नजर हटेना. तो देवमासा हळूहळू सुळक्याकडे सरकत होता. सुळका आणि कडा यांच्यामध्ये एक अरुंद घळ होती, लाट तिथे शिरली की धाडकन फुटून वर उडायची. कुठलाही देवमासा झोपेतसुद्धा त्या बाजूला गेला नसता.

मग एक पाणकावळा आला. त्याने एक चक्कर मारली, त्या काळ्या पाठीवर उतरला, पाय नीट रोवले आणि दोन्ही पंख पसरून उन्हात वाळवत उभा राहिला.

"पाठीवर पक्षी! पाठीवर पक्षी बसला!" लहान मुलं नाचायला लागली, फोन वर झाले, पुन्हा टाळ्या पडल्या.

पाणकावळा पंख वाळवतो तो खडकावर, खांबावर. बूड टणक लागतं त्याला. कॅप्टनने गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लाटेची वाट पाहिली. लाटेने ती पाठ उचलली आणि तिच्या मधोमध एक सरळ, करवतीने कापल्यासारखी धार दिसली. होडीचा तळ होता तो. उलटलेली होडी. आणि पलीकडच्या कडेवर पाण्यातून वर आलेली चार बोटं.

"छोटे," ती म्हणाली, "सगळ्यांना खाली बसव."

"काय झालं?"

"माणसं आहेत."

वायरलेसवर तिने तटरक्षकांना हाक दिली. त्यांची बोट निघेल म्हणाले, पण वळसा घालून यायला अर्धा तास लागेल. कॅप्टनने घळीकडे पाहिलं. होडीला एवढा वेळ नव्हता.

छोटी प्रवाशांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत फिरत होती. काय चाललंय ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. एक बाप मुलाला मांडीवर घट्ट धरून म्हणाला, "तुम्ही त्या खडकात बोट घालणार? आमची मुलं आहेत इथे. आमचा जीव धोक्यात घालताय तुम्ही!"

"घालतेय," कॅप्टन म्हणाली. "थोडा. त्यांचा संपत आलाय."

त्याने मुलाच्या जॅकेटचा पट्टा आणखी आवळला. घळीच्या तोंडाशी जायचं, माणसं उचलायची आणि निघायचं, हे मोठ्या लाटांच्या मधल्या सवडीतच जमणार होतं. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मग जरा उसंत मिळते. पण खाली पाण्यावरून येणारी लाट अंगावर येईपर्यंत दिसत नाही. ती दिसते उंचावरून.

"आई, ऐकताय? देवमासा नाही तो. उलटलेली होडी आहे. माणसं लटकलीयत. मला आत शिरायचंय. मोठ्या लाटा येतायत का ते बघा आणि कधी जाऊ ते सांगा."

कड्यावरच्या खोलीत सासू दुर्बिणीला डोळा लावून होती. समोर सगळं दुधात बुडवल्यासारखं. उजेड होता, काळोखी होती, त्यांच्या मधलं काही नव्हतं. शेजारच्या बाकावर प्रवाशांना घेऊन आलेला बसचा ड्रायव्हर चहा पीत बसला होता. त्याने नंतर सांगितलं, की म्हाताऱ्या बाईंच्या हातातला वायरलेस तोंडापर्यंत गेला, खाली आला, परत वर गेला. अंदाजाने काहीतरी सांगणं सोपं होतं. बरेच महिने ती तेच करत आली होती.

तिने बटण दाबलं. त्या वाहिनीवर अख्खं बंदर ऐकत असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला दिसत नाही गं," ती म्हणाली. "लाटा दिसत नाहीत. ती होडीही मला दिसली नव्हती. नुसतं काळं दिसलं."

कॅप्टनने एक क्षण डोळे मिटले. "ठीक आहे, आई. तिथे दुसरं कोण आहे?"

"बसचा ड्रायव्हर."

"त्याला दुर्बिणीवर बसवा. काय बघायचं ते तुम्ही सांगा."

ड्रायव्हर कप ठेवून उठला. "मावशी, मला समुद्रातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचं माझ्यावर सोड. तू फक्त बघ. आभाळ आणि पाणी भेटतं तिथून खाली ये. आडव्या रेघा दिसतात?"

"दिसतात. चादरीला चुण्या पडाव्यात तशा."

"त्यात जाड कुठल्या?"

"आहेत. एक, दोन... तीन जाड लागोपाठ. मागे सगळ्या बारीक."

"सुळक्याच्या अलीकडे एक लाल बोया तरंगतोय. पहिली जाड रेघ तिथे पोचली की बोल."

तो श्वास रोखून बघत राहिला. "पोचली."

"थांब!" सासू वायरलेसवर ओरडली. "मोठ्या आल्या. बोटीचं तोंड लाटेकडे कर!"

कॅप्टनने बोट फिरवली तेवढ्यात लाट आली. बोट चढली, चढतच राहिली, आणि धपकन खाली आली. मुलं किंचाळली. दुसरी. तिसरी. मागे घळीत पाणी फुटल्याचा आवाज झाला आणि सुळक्यावरचे सगळे पक्षी एकदम हवेत उठले, कलकलाट करत, आभाळ झाकून.

"मागे काय आहे रे?" सासू ड्रायव्हरला विचारत होती. बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे बोटीवरही ऐकू येत होतं.

"बारीक रेघा."

"नक्की?"

"मावशी, एवढं बघूनच मी रोज ओव्हरटेक करतो."

"जा!" सासू म्हणाली. "आत्ता जा!"

कॅप्टनने बोट आत घातली. जवळ गेल्यावर ओळख पटली. होडी खेकडेवाल्याची होती, जो रोज धक्क्यावर तिच्याशी भांडायचा, तुमच्या बोटीने माझे सापळे तुटतात म्हणून. पलीकडच्या बाजूला तो होता आणि एका हाताने त्याने बायकोला धरलं होतं. तिची मान कलंडली होती. सापळ्याची दोरी तिच्या मनगटाला वेढे घालून सरळ खाली पाण्यात गेली होती, ताणलेली.

छोटी पुढच्या टोकावर पालथी पडून आकड्याची काठी लांब करत होती. "दोरी! वहिनी, दोरी कापायला हवी! माझा हात पोचत नाही!"

कॅप्टनला सुकाणू सोडता येत नव्हतं. तिने कमरेची सुरी काढली आणि कोणाकडे द्यावी हे बघायच्या आत दाताच्या डॉक्टरांनी ती घेतली. एवढा जाडा माणूस, पण सरपटत पुढे गेला, छोटीच्या पाठीवरून अर्धा बाहेर लोंबकळला. त्यांचे पाय त्या मघाच्या बापाने धरले.

"जाड रेघ दिसतेय, मावशी," वायरलेसमधून ड्रायव्हरचा आवाज आला. "दोन आहेत."

"बाहेर पड गं," सासू म्हणाली.

"एक मिनिट, आई!"

"एक मिनिट नाहीये!"

दोरी तुटली. छोटीने आणि डॉक्टरांनी बाईला काखेत धरून वर ओढलं. ती बोटीत धप्पकन पडली. खेकडेवाल्याने ते पाहिलं, आणि बघताच त्याचा हात सुटला. जणू तेवढ्यापुरतीच त्याने होडी धरून ठेवली होती. तो खाली गेला.

"निघ!" सासू ओरडली.

त्या क्षणाबद्दल कॅप्टन पुढे कोणाशी फार बोलली नाही. तिने इंजिन उलट्या दिशेला पूर्ण जोरात टाकलं आणि त्याला तिथेच सोडून बाहेर आली. बोटीत लोक ओरडत होते, "तो राहिला, तो राहिला!" लाटेने उलटी होडी उचलली आणि सुळक्यावर आपटली. फळ्या फुटल्या. बोटीची एक बाजू खडकाला घासत गेली, कठडा काडीसारखा मोडला, खालून काहीतरी कडकडलं आणि सुकाणू हातात थरथरायला लागलं.

"दुसरी आली," ड्रायव्हर म्हणाला. "मग रिकामं आहे, मावशी. बरंच रिकामं."

"ऐकलंस? दुसरी जाऊ दे. मग शिर. घाई करू नकोस, पोरी."

दुसरी गेली. फेसाने पांढऱ्या झालेल्या पाण्यात फळ्या, सापळे, दोऱ्या तरंगत होत्या. कॅप्टन अगदी हळू आत गेली. सगळे प्रवासी पाण्यात बघत होते. "तिकडे!" असं त्या बापाच्या पोराने ओरडून बोट दाखवलं. सापळ्याच्या पिवळ्या बोयात एक हात अडकला होता, आणि हाताखाली माणूस.

त्याला वर घेतला तेव्हा तो निळा पडला होता. डॉक्टर त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होते, मोठ्याने मोजत होते, घाम गाळत होते. बोट घळीतून बाहेर आली, सुळका मागे पडला, तरी ते मोजतच होते. मग खेकडेवाल्याने ओकारी काढली, खारं पाणी बाहेर आलं, आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. कॅप्टनने वायरलेस उचलला. "आई, दोघंही आहेत." पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "ऐकलं त्यांनी. जरा बसल्यात."

धक्क्यावर रुग्णवाहिका आली, दोघांना घेऊन गेली. प्रवासी उतरले. तो बाप उतरताना थांबला आणि कॅप्टनच्या हातावर थोपटून गेला. बोटीचा पंखा वाकला होता, कठड्याची एक बाजू गायब होती. ते सगळं तसंच टाकून ती कड्यावरच्या पायऱ्या चढून गेली.

सासू दुर्बिणीकडे पाठ करून बसली होती.

"तुला माहीत होतं," सासू म्हणाली.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"बोलून काय करणार होते? घरी बसून भाजी निवडणार? तीही धड निवडता येत नाही मला." तिने हात दुर्बिणीच्या दिशेने उडवला. "अगं, त्यांना देवमासा म्हणाले मी. तुम्ही तिथे उभे राहून बघत होतात, माझ्या शब्दावर."

टाळ्यांचा आवाज अजून कॅप्टनच्याही कानात होता. तिने सासूशेजारी बसून तिचा हात हातात घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघींपैकी कोणालाही त्याचं अवघडल्यासारखं झालं नाही.

खेकडेवाला आणि त्याची बायको काही दिवसांनी घरी आले. तिच्या मनगटावर दोरीचे वण होते. खेकडेवाला खुर्चीच्या टोकावर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. धक्क्यावर एवढं बोलणारा माणूस, पण त्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. छोटीने चहा आणला. सासूने कपाला हात लावला नाही.

"मला एक विचारायचंय," ती त्या बाईला म्हणाली. "आमची बोट तिथे उभी होती तेव्हा तुम्हाला काही ऐकू येत होतं?"

"आई, जाऊ दे ना," छोटी म्हणाली.

"नाही. सांगू दे तिला."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. "येत होतं," ती म्हणाली. "हे ओरडून ओरडून थकले होते, आवाजच निघत नव्हता. मधे होडी आडवी. मला वाटलं, लोक टाळ्या का वाजवतायत? मग मुलं हसली, पक्षी बसला म्हणाली. मी यांना म्हटलं, आपल्याला बघून हसतायत."

सासू मान हलवत राहिली, हळू, बराच वेळ.

"माफ कर, असं म्हणायलाही लाज वाटते," ती म्हणाली.

"तुम्ही देवमासा म्हणाला नसतात तर बोट त्या बाजूला आलीच नसती," बाई म्हणाली. "मी रोज तोच विचार करते."

"ते तुझं मोठेपण झालं," सासू म्हणाली. "माझ्या हातून जी चूक व्हायची ती झालीच की."

जाताना खेकडेवाला दारात वळला आणि इतका वेळ मनात जुळवलेलं वाक्य एकदाचं बोलला, "कठडा मी करून देईन. मला सुतारकाम येतं." आणि त्याने तो करून दिलाही, पहिल्यापेक्षा चांगला. मधूनमधून सापळ्यांवरून भांडत भांडतच केला.

सासूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला आणखी कोणाची समजूत काढावी लागली नाही. ती स्वतःच पर्स घेऊन दारात उभी राहिली. डॉक्टर रागावले. इतके दिवस काय केलंत, म्हणाले. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल, दुसऱ्याचं आता फार काही होणार नाही. ती म्हणाली, "एक पुरे. दुर्बिणीला तरी कुठे दोन लागतात?"

पट्टी काढली तेव्हा समोर कॅप्टन बसली होती. सासूने डोळा मिचकावला, पाणी पुसलं, परत पाहिलं. पुढे झुकून तिने सुनेची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"केस कधी पिकले गं तुझे?"

"झाली की दोन वर्षं, आई."

सासूने सुनेच्या कानशिलावरची पांढरी बट कानामागे सारली आणि हात तिथेच राहू दिला.